वर्गणी आणि हक्क : अमेरिकेतील वृद्धांच्या आरोग्यविम्याचा वाद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सार्वत्रिक निवडणुकीचा हंगाम आला म्हणजे एक आरोप न चुकता व्यासपीठावर येतो, आणि तो असा की, प्रतिपक्षाच्या हाती सत्ता गेल्यास तो वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याला, म्हणजे मेडिकेअरला, कात्री लावल्यावाचून राहणार नाही. हा आरोप कोणत्याही एका पक्षाच्या मालकीचा राहिलेला नाही. 1995 साली तो डेमोक्रॅटिक पक्षाने रिपब्लिकन पक्षावर केला. 2012 साली रिपब्लिकन पक्षाने तोच डेमोक्रॅटिक पक्षावर उलटवला. आणि 2023 च्या फेब्रुवारीत अध्यक्ष बायडेन यांनी काँग्रेससमोरील वार्षिक भाषणात तो पुन्हा उच्चारताच रिपब्लिकन सभासदांनी भर सभागृहात आरडाओरडा करून त्याचा इन्कार केला. ज्या योजनेला जन्मापूर्वी वीस वर्षे इतका कडवा विरोध झाला, तिचे रक्षक म्हणवून घेण्यासाठी पुढे दोन्ही पक्षांत अहमहमिका लागावी, हा प्रकार वरवर पाहता विसंगत वाटतो. परंतु त्याची संगती लागते, आणि ती पक्षांच्या तत्त्वज्ञानापेक्षा या योजनेचा पैसा कोणत्या वाटेने येतो या रूक्ष, हिशेबी प्रश्नात सापडते.

मेडिकेअर ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची विमायोजना असून वयाची पासष्ट वर्षे पूर्ण केलेली बहुतेक सर्व माणसे, आणि 1972 च्या दुरुस्तीपासून दीर्घकाळ अपंगत्व आलेली व मूत्रपिंडे निकामी झालेली तरुण माणसेही, तिच्या कक्षेत येतात; त्यांची एकूण संख्या आता साडेसहा कोटींच्या पुढे गेली आहे. तिच्या 'ए' भागात इस्पितळातील वास्तव्याचा खर्च येतो, आणि त्यासाठी प्रत्येक नोकरदाराच्या पगारातून शेकडा 1.45 आणि मालकाकडून तितकीच रक्कम आयुष्यभर कापून घेऊन ती एका स्वतंत्र विश्वस्त निधीत जमा केली जाते. 'बी' भागात डॉक्टरांची फी, तपासण्या आणि इस्पितळाबाहेरील उपचार मोडतात. त्यासाठी वृद्धाने दरमहा हप्ता भरावयाचा असतो, जो 2025 साली 185 डॉलर होता, परंतु हा हप्ता प्रत्यक्ष खर्चाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकाच असून उरलेले तीन हिस्से सरकार सर्वसाधारण करांच्या उत्पन्नातून घालते. 'सी' भागात सरकार दरडोई ठराविक रक्कम खासगी विमा कंपन्यांच्या हवाली करते व त्या वृद्धाची जबाबदारी घेतात. आज निम्म्याहून अधिक लाभार्थी या मार्गाने गेले आहेत. 'डी' हा भाग औषधांचा. एकाच योजनेच्या अंगावर इतके निरनिराळे खिसे का असावेत, हे पाहावयाचे तर तिचा जन्म ज्या भांडणातून झाला ते भांडण मुळापासून पाहिले पाहिजे.

आजारपणाविरुद्ध सामाजिक विमा असावा ही मागणी अमेरिकेत 1912 इतकी जुनी आहे; त्या वर्षी थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रागतिक पक्षाने ती आपल्या जाहीरनाम्यात घातली होती. 1935 साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षेचा प्रसिद्ध कायदा केला, आणि वृद्धांना निवृत्तिवेतन मिळू लागले. परंतु आरोग्यविम्याचे कलम घातल्यास डॉक्टरांच्या विरोधामुळे सबंध मसुदाच बुडेल या धास्तीने ते कलम त्यांनी बाहेर ठेवले. युद्ध संपताच, 19 नोव्हेंबर 1945 रोजी, अध्यक्ष ट्रूमन यांनी सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना काँग्रेसपुढे मांडली. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या बलाढ्य संघटनेने तिच्याविरुद्ध जी मोहीम उघडली, ती त्या काळच्या राजकारणात अपूर्व होती. प्रत्येक सभासदावर 25 डॉलरची पट्टी बसवण्यात आली. कॅलिफोर्नियातील व्हिटेकर आणि बॅक्स्टर या पतिपत्नींच्या प्रचारसंस्थेला काम देण्यात आले. आणि सरकारी विमा म्हणजे समाजवादी वैद्यक, म्हणजेच पर्यायाने मॉस्कोची वाट, हे समीकरण शीतयुद्धाने आधीच भयभीत झालेल्या जनमानसावर बिंबवण्यात आले. काँग्रेसमध्ये रिपब्लिकन पक्ष आणि दक्षिणेकडील सनातनी डेमोक्रॅट यांची अघोषित युती होतीच. ट्रूमन यांचा मसुदा मतदानापर्यंतही पोहोचला नाही.

या पराभवातून ट्रूमन यांच्या सल्लागारांनी जो धडा घेतला त्यातच वृद्धांच्या विम्याचा उगम आहे. सर्वांसाठी विमा मिळत नसेल तर तो अशा वर्गासाठी मागावा की ज्याला नाही म्हणणे कोणालाही जड जाईल, असे ठरले. आणि वृद्धांइतका सोयीचा वर्ग दुसरा नव्हता. नोकरीतील तरुणांना मालकाकडून विमा मिळू लागला होता. निवृत्त माणसाचा तो नोकरीबरोबर संपत असे, आणि खासगी कंपन्यांच्या दृष्टीने म्हातारा गिऱ्हाईक हा निव्वळ तोट्याचा व्यवहार असल्यामुळे 1960 च्या सुमारास पासष्टीपुढील जवळजवळ निम्म्या माणसांपाशी इस्पितळाचा विमा नव्हता. शिवाय निवृत्तिवेतनाची यंत्रणा, वर्गणीच्या नोंदी आणि वसुलीचे दप्तर हे सारे तयारच होते. त्यामुळे 1952 पासून मागणी आखडत आखडत निवृत्तांच्या इस्पितळखर्चापुरती उरली, आणि 1957 साली ऱ्होड आयलंडचे प्रतिनिधी एमी फोरँड यांनी ती विधेयकाच्या रूपाने काँग्रेसमध्ये आणली.

येथून पुढे वादाला जे वळण लागले ते समजून घेण्यासारखे आहे, कारण 'वृद्धांना मदत करावी की करू नये' हा प्रश्न त्यात फारसा उरलाच नाही. मदत करावी हे दोन्ही बाजूंना मान्य होते. मतभेद होता तो मदत कोणत्या नात्याने करावी यासंबंधी. ओक्लाहोमाचे सेनेटर रॉबर्ट कर आणि आर्कान्सासचे प्रतिनिधी विल्बर मिल्स, हे दोघेही डेमोक्रॅट, यांनी 1960 साली जो कायदा करून घेतला त्यात केंद्राने राज्यांना अनुदान द्यावे आणि राज्यांनी गरजू ठरतील अशाच वृद्धांना साहाय्य करावे, अशी तरतूद होती. डॉक्टरांची संघटना व बहुसंख्य रिपब्लिकन यांना हाच मार्ग न्याय्य वाटत होता, आणि त्यांचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नव्हता: कारखान्यातील तरुण कामगाराच्या तुटपुंज्या पगारातून पैसे कापून ते लक्षाधीश म्हाताऱ्याच्या शस्त्रक्रियेवर का खर्च करावेत? उलट बाजूचे म्हणणे असे की, जन्मभर राबलेल्या माणसाने आजारी पडल्यावर सरकारी कचेरीत जाऊन आपले घर, आपली शिल्लक, आणि काही राज्यांत तर आपल्या मुलांची मिळकतही उघडी करून दाखवावी, आणि मग कारकुनाच्या मर्जीने इलाज मिळवावा, यात त्याची अप्रतिष्ठा आहे. त्यापेक्षा उमेदीच्या काळात त्याने वर्गणी भरावी आणि उतारवयात तिच्या बळावर ताठ मानेने उपचार घ्यावेत. कर-मिल्स कायद्याचा अनुभवही पहिल्या बाजूला अनुकूल ठरला नाही. अनेक राज्यांनी आपला वाटा घालण्याची टाळाटाळ केली, आणि पैशाचा मोठा भाग मोजक्या संपन्न राज्यांतच गेला.

अध्यक्ष केनेडी यांनी वर्गणीच्या तत्त्वावरचे किंग-अँडरसन विधेयक उचलून धरले तेव्हा हा वाद काँग्रेसच्या भिंती ओलांडून बाहेर आला. 20 मे 1962 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो वृद्धांपुढे केनेडी यांनी भाषण केले आणि ते दूरचित्रवाणीवरून देशभर दाखवण्यात आले. मेडिकल असोसिएशनने तेच सभागृह भाड्याने घेतले, खुर्च्या रिकाम्या आणि आदल्या सभेचा केरकचरा तसाच पडलेला अशा स्थितीत फ्लोरिडाचे डॉक्टर एडवर्ड ॲनिस यांना उभे केले, आणि त्यांनी गर्दीला उद्देशून न बोलता घरोघरच्या प्रेक्षकाला उद्देशून या विधेयकाचा प्रतिवाद केला. तो केनेडींच्या भाषणापेक्षा अधिक परिणामकारक ठरला असे पुष्कळांचे मत पडले. त्याच्या आदल्या वर्षी याच संघटनेने एका नटाच्या आवाजातील ध्वनिमुद्रिका डॉक्टरांच्या पत्नींमार्फत घरोघरी पोहोचवली होती. कॉफीच्या निमित्ताने शेजारणींना बोलवावे, ती ऐकवावी, आणि आपापल्या प्रतिनिधीला विरोधाची पत्रे लिहवून घ्यावीत, अशी ती योजना होती. तो नट म्हणजे रोनाल्ड रीगन. 17 जुलै 1962 रोजी सेनेटने 52 विरुद्ध 48 मतांनी विधेयक बाजूस सारले, आणि बावन्नांत 31 रिपब्लिकनांबरोबर 21 डेमोक्रॅटही होते, यावरून पक्षाची सीमा आणि मताची सीमा त्या काळी किती भिन्न होत्या हे दिसून येते.

1964 च्या निवडणुकीत, केनेडींच्या जागी अध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांनी रिपब्लिकन बॅरी गोल्डवॉटर यांचा जो दणदणीत पराभव केला त्याने हे गणित पालटले. प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटांच्या 295 आणि सेनेटमध्ये 68 जागा झाल्या, आणि विम्याचा काही ना काही कायदा होणारच हे निश्चित झाले. तेव्हा काँग्रेसपुढे तीन मसुदे होते. सरकारचा मसुदा वर्गणीवर आधारलेला, सक्तीचा, पण इस्पितळाच्या खर्चापुरताच. विस्कॉन्सिनचे रिपब्लिकन जॉन बर्न्स यांचा मसुदा ऐच्छिक, डॉक्टरांच्या फीसकट अनेक बाबी झाकणारा, थोडा हप्ता वृद्धाने आणि बाकी रक्कम सरकारने भरावी असा. आणि मेडिकल असोसिएशनचा मसुदा गरजूंसाठीच, राज्यांच्या हातून. सरकारी विम्यात डॉक्टरांची फी मिळणार नाही, आमच्या योजनेत मात्र मिळेल, अशी जाहिरात संघटनेने पैसा ओतून चालवली होती. अर्थसमितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स हे आजवर या विम्याचे सर्वांत चिवट अडसर होते. 2 मार्च 1965 रोजी त्यांनी बर्न्स यांचे निवेदन ऐकून घेतले, आणि हे तीनही मसुदे परस्परांचे पर्याय न मानता एकावर एक रचले तर काय बिघडते, असा प्रश्न टाकून सर्वांना चकित केले. सरकारी मसुद्याचा 'ए' भाग झाला, रिपब्लिकन मसुद्याचा 'बी' भाग झाला, आणि गरजूंच्या मदतीची डॉक्टरी कल्पना विस्तारून मेडिकेड नावाची वेगळी योजना झाली. सरकारी विमा अपुरा आहे या विरोधकांच्याच प्रचाराने त्याला दुप्पट मोठे करून सोडले. मागे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच की, या कायद्याचे निरनिराळे खिसे म्हणजे निरनिराळ्या पक्षांनी शिवलेल्या, आणि मिल्स यांनी एकत्र जोडलेल्या, कापडाचे तुकडे होत.

जुलैअखेर प्रतिनिधिगृहाने 307 विरुद्ध 116 आणि सेनेटने 70 विरुद्ध 24 मतांनी कायदा संमत केला. प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन 70 अनुकूल आणि 68 प्रतिकूल असे जवळजवळ समसमान दुभंगले. 30 जुलै 1965 रोजी जॉन्सन मुद्दाम मिझुरीतील इंडिपेंडन्स गावी गेले, 81 वर्षांच्या ट्रूमन यांच्या शेजारी बसून त्यांनी सही केली, आणि योजनेचे पहिले कार्ड ट्रूमन यांनाच मिळाले. डॉक्टरांच्या समाधानासाठी कायद्याच्या अगदी आरंभीच्या कलमात, वैद्यकीय व्यवसायाच्या कामकाजावर केंद्र सरकारने कोणतेही नियंत्रण चालवू नये, अशी ग्वाही घालण्यात आली. एका बाबतीत मात्र सरकारने आपला अधिकार खंबीरपणे बजावला. आदल्या वर्षीच्या नागरी हक्क कायद्यानुसार केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेला वर्णभेद करता येत नव्हता. त्यामुळे कृष्णवर्णीय रुग्णांसाठी वेगळे विभाग ठेवणाऱ्या वा त्यांना दारच बंद करणाऱ्या दक्षिणेतील इस्पितळांना, मेडिकेअरचे पैसे हवे असतील तर ती चाल सोडा, असे बजावण्यात आले, आणि 1 जुलै 1966 रोजी योजना सुरू होण्यापूर्वीच्या काही महिन्यांत हजाराहून अधिक इस्पितळांनी ती सोडली. दक्षिणेकडील डेमोक्रॅटांचा या विम्याला इतकी वर्षे विरोध का होता, याचे एक कारण येथे उघड होते.

योजना सुरू झाली तेव्हा 'बी' भागाचा हप्ता महिना तीन डॉलर होता आणि सुमारे एक कोटी नव्वद लाख वृद्ध तिच्यात आले. खर्चाचा अंदाज मात्र लवकरच कोसळला, कारण इस्पितळाने जो वाजवी खर्च दाखवावा तो सरकारने द्यावा असा करार असल्यामुळे काटकसर करण्याचे कोणालाच कारण नव्हते. 1970 सालीच विश्वस्तांनी आपल्या अहवालात इस्पितळनिधी 1972 पर्यंत रिता होईल असा इशारा दिला. हा निधी तेव्हापासून अनेकदा बुडण्याच्या बेतात आला आणि दर वेळी वर्गणीचा दर वाढवून किंवा इस्पितळांचे दर आवळून वाचवण्यात आला. त्यांतील सर्वांत मोठी आवळणी, म्हणजे आजारांचे 467 गट पाडून प्रत्येक गटासाठी एकच ठराविक रक्कम देण्याची पद्धत, 1983 साली अमलात आणणारे अध्यक्ष होते रोनाल्ड रीगन. ज्यांनी बावीस वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रिकेतून या विम्यात स्वातंत्र्याचा अंत पाहिला होता, त्यांनीच आता त्याचे पुस्तक सावरले, यात ढोंग पाहण्याचे कारण नाही. वर्गणीदारांची पिढी निवृत्त होऊ लागली होती आणि तिची ठेव बुडवणे कोणत्याही राजकारण्याच्या आवाक्यात राहिले नव्हते.

वर्गणीच्या या मानसिक सामर्थ्याची कसोटी 1988 साली लागली. त्या वर्षी दोन्ही पक्षांनी मोठ्या बहुमताने एक सुधारणा मंजूर केली: दीर्घ आजारात वृद्धावर पडणाऱ्या खर्चाला कमाल मर्यादा घालावी, औषधांची सोय करावी, आणि या नव्या सवलतींचा खर्च तरुणांवर न लादता मुख्यतः सुस्थितीतील वृद्धांकडूनच जादा आकारणीने वसूल करावा, ही आकारणी पहिल्या वर्षी माणशी 800 डॉलरपर्यंत जात होती. हिशेबाच्या दृष्टीने हे निर्दोष होते. परंतु ज्यांना वर्षानुवर्षे सांगण्यात आले होते की तुम्ही भरले आहे म्हणून तुम्हाला मिळत आहे, त्यांना म्हातारपणी पुन्हा भरा म्हणणे म्हणजे करार मोडणे वाटले. 1989 च्या ऑगस्टमध्ये शिकागो येथे अर्थसमितीचे अध्यक्ष डॅन रॉस्टेनकाउस्की यांची मोटार संतप्त म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी घेरली, आणि ते गृहस्थ गाडीतून उतरून पायी निसटून जात असल्याचे दृश्य सबंध देशाने पाहिले. वर्ष संपण्यापूर्वी काँग्रेसने कायदाच मागे घेतला. त्यानंतरच्या प्रत्येक पुढाऱ्याने या प्रसंगापासून एकच बोध घेतलेला दिसतो, आणि तो म्हणजे वृद्धांना नवे काही द्यावयाचे असल्यास त्याचे बिल त्यांच्यापुढे ठेवू नये.

1994 च्या निवडणुकीत न्यूट गिंग्रिच यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकनांनी चाळीस वर्षांनंतर प्रतिनिधिगृह जिंकले आणि 1995 साली, सात वर्षांत मेडिकेअरच्या खर्चात 270 अब्ज डॉलरची बचत करण्याचा बेत मांडला. ते म्हणत, ही कपात नव्हे, कारण दरडोई खर्च 4,800 डॉलरवरून 6,700 डॉलरपर्यंत वाढणारच आहे. आम्ही वाढीचा वेग तेवढा कमी करतो. डेमोक्रॅट म्हणत, महागाई आणि वृद्धांची संख्या लक्षात घेता पूर्वीइतकेच उपचार देण्यास जे लागले असते त्यापेक्षा कमी देणे यालाच कपात म्हणतात, आणि ही बचत श्रीमंतांच्या करमाफीसाठी आहे. दोन्ही विधाने आपापल्या परीने खरी होती, आणि म्हणूनच तो वाद युक्तिवादाने मिटण्यासारखा नव्हता. सरकारी कचेऱ्यांना दोनदा टाळे लागले. अध्यक्ष क्लिंटन यांनी 6 डिसेंबरला विधेयक नाकारताना जॉन्सन यांनी 1965 साली वापरलेलीच लेखणी मुद्दाम हाती घेतली. आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडून आले.

रिपब्लिकन पक्षानेही यातून आपला मार्ग शोधला. 2003 साली दुसऱ्या बुश यांच्या कारकिर्दीत त्याच पक्षाने औषधांचा 'डी' भाग देऊन मेडिकेअरचा आजवरचा सर्वांत मोठा विस्तार केला. त्यासाठी प्रतिनिधिगृहातील मतदान 22 नोव्हेंबरच्या पहाटे तीन वाजल्यापासून जवळजवळ तीन तास खुले ठेवावे लागले, तेव्हा कोठे 220 विरुद्ध 215 असे मत पडले. या विस्तारासाठी स्वतंत्र कर बसवला नाही. औषधांचा व्यवहार खासगी विमा कंपन्यांकडे सोपवला. आणि सरकारने औषध कंपन्यांशी किमतींची घासाघीस करू नये असे कलमच कायद्यात घातले. डेमोक्रॅटांचा विरोध मुख्यतः या कलमाला होता, आणि ते हटवण्यास त्यांना एकोणीस वर्षे लागली. 2022 च्या ऑगस्टमध्ये, एकाही रिपब्लिकन मताशिवाय, त्यांनी मेडिकेअरला निवडक औषधांचे दर ठरवून घेण्याचा अधिकार दिला, इन्सुलिनचा महिन्याचा खर्च 35 डॉलरवर बांधला, आणि 2025 पासून औषधांवरील वृद्धाच्या वार्षिक खर्चाला 2,000 डॉलरची मर्यादा घातली. 1989 साली गमावलेली मर्यादा निदान औषधांपुरती अशी परत आली, परंतु या खेपेस तिचे बिल वृद्धांऐवजी औषध कंपन्यांच्या नावे फाडलेले होते.

या दोहोंच्या दरम्यान जे घडले त्यात या वादाची सारी विनोदी बाजू एकवटली आहे. 2010 च्या ओबामा यांच्या आरोग्यकायद्याने इस्पितळे आणि खासगी विमा कंपन्या यांना मेडिकेअरमधून मिळणाऱ्या रकमांची वाढ रोखली. दहा वर्षांत ही बचत 716 अब्ज डॉलर होईल असा 2012 सालचा अंदाज होता. लागलीच रिपब्लिकन पक्ष मेडिकेअरचा कैवारी झाला, आणि 1995 साली आपणच वेगकपातीला कपात म्हणू नये असे सांगत होतो याचा त्याला विसर पडला. तसाच डेमोक्रॅटांनाही आपल्या जुन्या व्याख्येचा विसर पडला. विशेष म्हणजे रिपब्लिकन प्रतिनिधी पॉल रायन यांच्या अंदाजपत्रकी आराखड्यांत ही बचत तशीच कायम होती. 2011 साली प्रतिनिधिगृहाने संमत केलेल्या त्यांच्या योजनेत भावी वृद्धांना विम्याऐवजी खासगी विमा घेण्यासाठी ठराविक रक्कम द्यावी, असा प्रस्ताव होता; परंतु ज्यांचे वय पंचावन्न वा अधिक आहे त्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. विरोधकांनी जाहिरातीत रायन यांच्यासारखा दिसणारा माणूस चाकांच्या खुर्चीतील आजीबाईला कड्यावरून लोटताना दाखवला. वाद भावी पिढीविषयी होता आणि मते हयात पिढीची हवी होती, हे यामागचे उघड कारण.

आता 'मी भरले आहे' या भावनेत तथ्य किती, हेही पाहिले पाहिजे. सामान्य वृद्ध आपल्या वर्गणीतून जे भरतो त्याच्या कितीतरी पट अधिक मूल्याचे उपचार तो मेडिकेअरकडून घेतो. उरलेला भार आजचा करदाता आणि उद्याचे कर्ज वाहते. 2003 च्या कायद्यामुळे अधिक उत्पन्न असलेल्यांना 'बी' भागाचा हप्ता जादा भरावा लागतो, म्हणजे 1965 साली नाकारलेली मिळकतीची चौकशी मागल्या दाराने आत आली आहे. विश्वस्तांच्या 2025 च्या अहवालाप्रमाणे इस्पितळनिधी 2033 साली रिता होईल. आदल्या वर्षी हेच साल 2036 सांगितले होते. तरीही वर्गणीची ती भावना हिशेबापेक्षा बलवत्तर ठरली, कारण तिने लाभार्थ्याला याचकाच्या जागी न बसवता सावकाराच्या जागी बसवले, आणि सावकाराचे देणे बुडवणारा पक्ष निवडून येत नाही.

हे तत्त्व किती काटेकोर आहे याचा अनुभव अमेरिकेत मुलांकडे राहावयास गेलेल्या पुण्या-नाशिकच्या आईवडिलांनाही येतो. कायम वास्तव्याचा परवाना मिळून सलग पाच वर्षे झाली आणि वय पासष्ट असले तर त्यांना मेडिकेअरमध्ये येता येते. पण 'ए' भाग फुकट मिळण्यास स्वतःची किंवा जोडीदाराची तेथील दहा वर्षांची वर्गणी लागते. मुलाने वा सुनेने कितीही वर्षे कर भरला असला तरी तो आईबाबांच्या खाती धरला जात नाही, आणि वर्गणी मुळीच नसलेल्याला 2025 साली केवळ 'ए' भागासाठी दरमहा 518 डॉलर मोजावे लागत. वर्गणीने निर्माण केलेला हक्क वर्गणी न भरलेल्याला तितक्याच निष्ठुरपणे बाहेर ठेवतो.

आपल्याकडे 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षे व त्यापुढील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतच्या इस्पितळ उपचारांची सोय झाली आहे. तिला लाभार्थ्याची वर्गणी नाही. बहुतेक राज्यांत केंद्र साठ आणि राज्य चाळीस टक्के भार उचलते. साहजिकच येथील पक्षीय वादाचे स्वरूप निराळे झाले. 2019 च्या आरंभी पश्चिम बंगाल या योजनेतून बाहेर पडले ते, पैसा आमचाही असताना लाभार्थ्यांना गेलेल्या पत्रांवर पंतप्रधानांचेच छायाचित्र का, या तक्रारीवरून. दिल्ली 2025 च्या एप्रिलमध्ये आत आली ती तेथील सत्ता पालटल्यानंतर. आणि महाराष्ट्रात 2012 साली राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेली आरोग्ययोजना 2017 साली महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिजोरीतून दिलेल्या दानाला दात्याचे नाव लागते, म्हणून आपल्या पक्षांचे भांडण नावावर येते; पगारातून कापलेल्या पैशाला भरणाऱ्याचे नाव आधीच लागलेले असते, म्हणून अमेरिकन पक्षांचे भांडण रकमेवर येते.

याचा अर्थ आपणही पगारकपातीची पद्धत उचलावी असा नाही, कारण शेतमजुरी, घरकाम वा हातगाडीवर आयुष्य काढणाऱ्या ज्या असंख्य माणसांना पगारपत्रक कधी मिळालेच नाही, त्यांना ती पद्धत दारातच अडवील. परंतु अमेरिकन वृद्धाला 1965 च्या कायद्याने सवलतीहून मोलाची जी वस्तू मिळाली, ती म्हणजे उपचार नाकारले गेल्यास लेखी कारण मागण्याचा आणि त्यावर अपील करून न्यायालयापर्यंत जाण्याचा अधिकार, ती देण्यास वर्गणीचीच आवश्यकता आहे असे नाही. सत्तरीपुढच्या आपल्या विम्यावर यापुढे पक्ष भांडतील तेव्हा त्यांनी कार्डावरील छायाचित्राऐवजी या अधिकारावर, इस्पितळांना द्यावयाच्या दरांवर आणि अंदाजपत्रकातील तरतुदीवर भांडावे. तसे भांडण कितीही कडाक्याचे झाले तरी त्यातून, मिल्स यांच्या समितीत झाले त्याप्रमाणे, म्हाताऱ्या माणसाच्या पदरात काहीतरी अधिकच पडेल.